ब्लॉगची थीम फुकट मिळते, पण तिची चावी कोणाकडे असते?

ऑक्टोबर २०२४. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर लॉगिन करायला गेलेल्या लोकांना पासवर्डच्या रकान्याखाली एक नवाच चौकोन दिसायला लागला. त्यात टिक केल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. आणि टिक करायची ती कशासाठी? तर 'डब्ल्यूपी इंजिन' नावाच्या कंपनीशी आपला कसलाही, अगदी आर्थिकसुद्धा, संबंध नाही हे कबूल करण्यासाठी.

दोन महिन्यांनी अमेरिकेतल्या कोर्टाने हा चौकोन काढायला लावला. तो निघाला, पण त्याच्या जागी दुसरा आला. आता लॉगिन करायचं तर 'पिझ्झावर अननस छान लागतो' हे मान्य करायचं होतं.

ही कॉलेजातली भांडणं वाटतील. पण जगातल्या सुमारे ४३ टक्के वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्या सॉफ्टवेअरच्या प्रमुखाची ही भूमिका होती. आणि या भांडणाने रेसिपी, ट्रेक, पुस्तकं, शेती अशा विषयांवर ब्लॉग चालवणाऱ्या साध्या माणसासमोर एक प्रश्न आणून ठेवला. आपण जी थीम निवडली, रंग बदलले, फॉन्ट बदलला, स्वतःचा लोगो लावला, ती साइट नेमकी कोणाच्या हातात आहे?

थीम म्हणजे रंगरंगोटी नव्हे

ब्लॉग सुरू करताना बहुतेक जण थीमकडे साडीच्या दुकानात बघावं तसं बघतात. ही नको, ती दाखवा. समज असा असतो की लिखाण आपलं आणि थीम म्हणजे त्यावरचं कव्हर.

अर्धं खरं आहे. वर्डप्रेसमध्ये तुमचं लिखाण डेटाबेसमध्ये असतं आणि थीमच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये. म्हणूनच एका क्लिकवर थीम बदलली तरी लेख जागेवर राहतात. पण थीममध्ये फक्त रंग आणि अक्षरांचे आकार सांगणारी सीएसएस फाइल नसते. त्यात पीएचपी या भाषेतला कोडही असतो आणि तो तुमच्या सर्व्हरवर चालतो. डेटाबेस वाचणं, त्यात लिहिणं, बाहेरून फाइल आणणं हे सगळं तो कोड करू शकतो. आपण रंगरंगोटी समजून जे घेतो, त्यात घराचं वायरिंगही आलेलं असतं. वायरमन कोण होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

इथे आणखी एक गोंधळ दूर केलेला बरा. 'वर्डप्रेस डॉट कॉम' आणि 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम ही 'ऑटोमॅटिक' या कंपनीची सेवा आहे. तिथे फुकट ब्लॉग मिळतो, पण फुकटच्या प्लॅनवर बाहेरची थीम चढवता येत नाही. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं, तर हवी ती थीम लावता येते. थीमचं सगळं स्वातंत्र्य आणि सगळा धोका या दुसऱ्या वाटेवर आहे.

फूटरमधली लपलेली लिंक

वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, पण थीम ही सोय मिळाली ती फेब्रुवारी २००५ च्या १.५ या आवृत्तीत. तिच्यासोबत 'कुब्रिक' ही थीम आली. वर निळा पट्टा, खाली पांढरं पान. मायकल हाइलमान या डिझायनरने बनवलेली ही थीम २०१० पर्यंत वर्डप्रेसची डिफॉल्ट थीम होती. त्या काळात इंटरनेटवर फिरलेल्या कुणालाही तो निळा पट्टा बघितल्यावर ओळख पटेल.

पण सगळ्यांचे ब्लॉग सारखेच दिसायला लागले की वेगळं दिसण्याची हौस येते. त्या हौसेवर बाजार उभा राहिला. थीम फुकट वाटायची आणि तिच्या तळाशी, फूटरमध्ये, कर्ज किंवा कॅसिनोच्या साइटची लिंक टाकायची. हजारो ब्लॉगवर ती लिंक गेली की गुगलच्या नजरेत त्या साइटचं वजन वाढायचं. लिंक काढू नये म्हणून फूटरचा कोड मुद्दाम वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेला असायचा. काढायला गेलं की अख्खं पान कोसळायचं. ब्लॉगस्पॉटच्या फुकट टेम्प्लेटचीही हीच कथा होती. शेवटी २००७ मध्ये वर्डप्रेसने अशा 'प्रायोजित' थीम आपल्या यादीतून बाहेर काढल्या.

म्हणजे फुकट थीमची किंमत तेव्हाही होती. फक्त ती ब्लॉगवाल्याऐवजी त्याच्या वाचकांच्या खात्यातून वसूल होत होती.

एक छोटी फाइल आणि लाखभर साइट

पुढचं प्रकरण जास्त गंभीर आहे. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर या प्रोग्रामरच्या स्वतःच्या ब्लॉगवर अचानक जाहिराती दिसायला लागल्या. त्याने त्या लावलेल्या नव्हत्या. शोध घेतल्यावर सापडली 'टिमथंब' नावाची एक छोटी फाइल. तिचं काम एवढंच की मोठा फोटो कापून त्याचा छोटा नमुना बनवायचा. ती शेकडो थीममध्ये आयती घातलेली होती आणि तिच्यातल्या त्रुटीमुळे बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःची फाइल टाकू शकत होता.

तीन वर्षांनी तेच पुन्हा झालं. यावेळी नाव होतं 'स्लायडर रिव्होल्यूशन'. होमपेजवर सरकणारे मोठे फोटो दाखवणारं हे प्लगिन तेव्हा जोरात होतं. विकत मिळणाऱ्या ढीगभर थीममध्ये ते भेट म्हणून येत असे. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्यातल्या त्रुटीचा वापर करून एक लाखाहून जास्त साइटमध्ये घातक कोड शिरला आणि गुगलने ११ हजारांहून जास्त डोमेन काळ्या यादीत टाकली.

यातली खरी मेख समजून घेण्यासारखी आहे. प्लगिनच्या कंपनीने त्रुटी आधीच दुरुस्त केली होती. ज्यांनी प्लगिन थेट विकत घेतलं होतं त्यांना अपडेट मिळालं. पण ज्यांच्याकडे ते थीमच्या पोटातून आलं होतं, त्यांना ते अपडेट आपोआप मिळत नव्हतं. थीमवाला स्वतःची नवी आवृत्ती काढेल तेव्हाच सुटका. अनेकांना तर आपल्या साइटवर असं काही प्लगिन आहे, हेच माहीत नव्हतं.

बरं, थीम बनवणारा प्रामाणिक असला तरी भागत नाही. नेपाळमधली 'ॲक्सेसप्रेस थीम्स' ही चांगली नावाजलेली कंपनी. सप्टेंबर २०२१ मध्ये तिची वेबसाइटच हॅक झाली आणि तिथून डाउनलोड होणाऱ्या ४० थीम आणि ५३ प्लगिनमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. जानेवारी २०२२ मध्ये जेटपॅकच्या संशोधकांनी ही गोष्ट जाहीर केली. त्याच थीम वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या यादीतून घेतलेल्यांना मात्र काही झालं नाही.

थीम एकच, कंपनी एकच. कुठून उतरवली, एवढ्यावर नशीब ठरलं. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीचं महत्त्व यातून कळतं. स्वयंसेवक तिथल्या थीम तपासून घेतात आणि अपडेटही तिथूनच येतात. त्यामुळे ती यादी कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न साधा राहत नाही. त्याकडे येण्याआधी एक जुनं भांडण.

थीमवर हक्क कोणाचा?

वर्डप्रेस जीपीएल या परवान्याखाली वाटलं जातं. त्याचा मथितार्थ असा: हा कोड वापरा, बदला, विका, वाटा. पण त्यावर बेतून काही बनवलं आणि ते वाटलं, तर तेही याच अटींवर वाटावं लागेल.

मग थीम ही वर्डप्रेसवर बेतलेली असते की स्वतंत्र असते? २०१० मध्ये हा वाद पेटला. 'थीसिस' ही तेव्हाची गाजलेली, पैसे देऊन मिळणारी थीम. ती बनवणारे ख्रिस पिअर्सन म्हणत, माझा कोड माझा. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग म्हणत, तुमची थीम वर्डप्रेसशिवाय चालत नाही, म्हणून तिला जीपीएल लागू. आदल्याच वर्षी 'सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर'च्या वकिलांनी मत दिलं होतं की थीममधला पीएचपी कोड वर्डप्रेसवर बेतलेला ठरतो, चित्रं आणि सीएसएस मात्र तशी ठरतीलच असं नाही. शेवटी पिअर्सन नमले आणि त्यांनी पीएचपीचा भाग जीपीएलखाली आणला. कटुता तिथे संपली नाही. पुढे ऑटोमॅटिकने 'थीसिस डॉट कॉम' हे डोमेनच विकत घेतलं. पिअर्सन यांनी त्याविरुद्ध तक्रार केली आणि ते हरले.

या वादाचा ब्लॉगवाल्याशी थेट संबंध आहे. विकत मिळणाऱ्या थीम 'नल्ड' म्हणून फुकट वाटणाऱ्या साइट आणि टेलिग्राम चॅनेल आहेत, त्या याच परवान्याकडे बोट दाखवतात. जीपीएलचा कोड पुढे वाटणं बेकायदा नाही, इथवर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तुमच्यापर्यंत येताना त्यात आणखी काय घातलंय ते परवाना सांगत नाही. 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' हा कुप्रसिद्ध मालवेअर मुख्यतः अशाच थीममधून पसरला. दोन-चार हजार रुपये वाचवायला गेलेल्या माणसाच्या साइटवरून तो बाजूच्या साइटवरही उडी मारायचा.

२०२४ मध्ये नेमकं काय झालं?

आता त्या चौकोनाकडे. डब्ल्यूपी इंजिन ही वर्डप्रेस साइटसाठी होस्टिंग देणारी मोठी कंपनी. 'जेनेसिस' ही अनेक ब्लॉगर्सची आवडती थीम व्यवस्थाही २०१८ पासून तिच्याच मालकीची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग यांनी तिच्यावर जाहीर टीका सुरू केली. ही कंपनी वर्डप्रेसच्या नावावर कमावते पण वर्डप्रेसला परत फार कमी देते, हा त्यांचा आरोप. ट्रेडमार्कच्या वापरापोटी महसुलाच्या ८ टक्के मागण्यात आले. कंपनीने नकार दिला.

तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. लोकांनी फुकट राबून उभ्या केलेल्या गोष्टीवर मोठ्या कंपन्या पैसा करतात, ही ओपन सोर्सच्या जगातली जुनी दुखरी नस आहे. पण पुढे जे घडलं त्याचा फटका तिसऱ्यालाच बसला. २५ सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे बंद केले गेले. तिच्याकडे होस्टिंग असलेल्या ग्राहकांना डॅशबोर्डवरून नवी थीम घेता येईना, प्लगिनचं अपडेट मिळेना. ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता, अशी दुकानं, शाळा, ब्लॉगर. दोन दिवसांनी थोडी सवलत मिळाली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दरवाजे पुन्हा बंद.

२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. १२ ऑक्टोबरला त्याहून मोठा धक्का बसला. 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे डब्ल्यूपी इंजिनचं प्लगिन २० लाखांहून जास्त साइटवर आहे. रेसिपीला लागणारा वेळ, पुस्तकाची किंमत, ट्रेकची उंची असे वेगळे रकाने थीममध्ये दाखवायचे तर डिझायनर याचाच आधार घेतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गने यादीतली त्याची जागा ताब्यात घेतली आणि नाव बदलून 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' केलं. सुरक्षेचं कारण दिलं गेलं. ज्यांनी ऑटो अपडेट चालू ठेवलं होतं, त्यांच्या साइटवर न विचारता मालक बदलला.

या सगळ्यात एक गोष्ट जगासमोर आली, जी अनेक जुन्या डेव्हलपरनाही माहीत नव्हती. ट्रेडमार्क वर्डप्रेस फाउंडेशनकडे आहे, पण वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही साइट फाउंडेशनची नाही. ती मलनवेग यांची वैयक्तिक मालमत्ता आहे. कोट्यवधी साइट जिथून थीम आणि अपडेट घेतात त्या कोठाराची चावी एका माणसाच्या खिशात होती.

१० डिसेंबरला न्यायाधीश आरासेली मार्तिनेझ-ओल्गिन यांनी अंतरिम आदेश दिला: डब्ल्यूपी इंजिनचा प्रवेश पूर्ववत करा, प्लगिनची जागा परत द्या, तो चौकोन काढा. त्यानंतर २० डिसेंबरला मलनवेग यांनी सुट्टी जाहीर केली. नवी खाती, नव्या थीम आणि नवी प्लगिन घेणं काही काळ थांबवलं गेलं आणि जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झालं. खटला मात्र पुढे चालूच राहिला.

मराठी ब्लॉगची वेगळी डोकेदुखी

थीम बनवणारा कॅलिफोर्नियात असो की काठमांडूत, तो डेमो इंग्रजी मजकुरावर बनवतो. तिथे दिसलेली देखणी थीम मराठी लेख टाकल्यावर गचाळ दिसते, याचं कारण हेच.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून 'लेटर स्पेसिंग' वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषाच तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्यानंतर ओळींची उंची. इंग्रजीला दीडपटीपेक्षा कमी उंची चालून जाते. 'मूर्ती' या शब्दाला वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. शीर्षकाची ओळ आखूड असली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात किंवा कापले जातात. तिसरी गोष्ट फॉन्टची. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर फोनमधला हाताशी येईल तो फॉन्ट उचलतो. म्हणजे तुम्ही तासभर बसून निवडलेला फॉन्ट फक्त इंग्रजी आकड्यांनाच लागतो.

उपाय अवघड नाही. लेटर स्पेसिंग शून्य करायचं, मजकुराच्या ओळीची उंची १.६ ते १.८ ठेवायची आणि देवनागरी असलेला फॉन्ट निवडायचा. मुंबईच्या 'एक टाइप'ने बनवलेला 'मुक्ता' फुकट आहे आणि मोबाइलवर छान वाचता येतो. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' आहे. आणि सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडायला विसरू नये. पान मराठीत आहे हे ब्राउझरला त्यावरून कळतं आणि काही फॉन्ट त्यानुसार अक्षरांची मराठी वळणं दाखवतात.

फॉन्ट कुठून येतो याचाही विचार करावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण ती गुगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणत होती आणि त्यात वाचकाचा आयपी पत्ता परवानगीशिवाय अमेरिकेत जात होता. जर्मनीत बसून मराठी ब्लॉग चालवणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये 'फॉन्ट लायब्ररी' आली आहे. ब्लॉक थीम असेल तर तिथून फॉन्ट स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवता येतो.

बदल करायचे, पण कुठे?

अनेकांचा अनुभव असा: रात्री जागून थीमच्या फाइलमध्ये रंग बदलले, फूटर नीट केला. महिन्याभराने थीमचं अपडेट आलं आणि सगळं पुसलं गेलं. मग पुढच्या वेळी भीतीने अपडेटच करायचं नाही. हॅकरला याहून जास्त काही नको असतं.

जुन्या पद्धतीच्या थीममध्ये यावर 'चाइल्ड थीम' हा मार्ग आहे. मूळ थीमला हात लावायचा नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये छोटी थीम करायची, तिच्यात मूळ थीमचं नाव लिहायचं आणि फक्त आपले बदल ठेवायचे. मूळ थीम अपडेट झाली तरी आपलं काम शाबूत राहतं. फक्त रंग आणि फॉन्टच बदलायचे असतील तर एवढंही नको, 'ॲडिशनल सीएसएस'च्या रकान्यात चार ओळी पुरतात.

जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून आलेल्या ब्लॉक थीममध्ये हेडर-फूटरपासून सगळं एडिटरमध्येच बदलता येतं. हे बदल थीमच्या फाइलमध्ये न जाता डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे अपडेटने पुसले जात नाहीत. पण एक अडचण आहे. जो साचा तुम्ही बदललात, त्यात थीमवाल्याने पुढे केलेल्या सुधारणा तुम्हाला दिसत नाहीत.

पेज बिल्डर वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. दिवीसारख्या बिल्डरने जुन्या आवृत्त्यांमध्ये तुमच्या मजकुरातच कंसातले शॉर्टकोड पेरलेले असतात. थीम बंद केली की लेखाच्या मधोमध ते कंस उघडे पडतात. दहा वर्षांचं लिखाण असेल तर ते साफ करायला महिने लागतात. आधी कव्हर वाटलेली गोष्ट इथे लिखाणातच शिरलेली असते.

बॅकअपबद्दलही एक गैरसमज आहे. डॅशबोर्डच्या 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट' आहे. तिथून मिळणाऱ्या फाइलमध्ये लेख, पानं आणि कमेंट असतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात, फोटो नसतात. थीमच्या फाइल्सही नसतात. ब्लॉगरवर थीमचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि तो एकच एक्सएमएल फाइल असतो. वर्डप्रेसवर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून 'डब्ल्यूपी-कंटेंट' हे अख्खं फोल्डर उतरवून घेतलं की थीम, प्लगिन आणि फोटो तिन्ही येतात. डेटाबेस तेवढा वेगळा घ्यायचा.